म्हशीवाल्याच्या घरी गोपाल

"बाई, आयकलं का?" असा काकूंचा आवाज कुपाटीपलीकडून आला की समजावं, खबर ताजी आहे आणि अजून कंडक्टरच्या घरी पोचलेली नाही. मी कोथिंबीर निवडत होते. जुडी तशीच ताटात टाकली आणि परसात गेले. चिखलदऱ्यात पावसाळ्यात भरदुपारी धुकं असं उतरतं की कुपाटीपलीकडचं माणूस दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. काकूही ऐकू येत होत्या.

"पुन्याहून फोन आल्ता. पोट्ट्याचं नाव गोपाल ठेवू राह्यले म्हन्ते."

"मग चांगलंच की काकू. घरचंच नाव झालं."

"तेच तं झालं ना बाप्पा! घरचंच झालं म्हनूनच बुढा भडकला. सकायपासून बोलून नाही राह्यला. म्हशीपुढं ढेप अशी आदळली का वगार भेली."

काकूंचं घर गवळ्याचं. गोठ्यात म्हशी, दारात दुधाचे कॅन, चुलीवर खव्याची कढई. एकुलता एक मुलगा शिकला, पुण्याला इंजिनिअर झाला, सून सांगलीकडची आणि तीही इंजिनिअर. चौथ्या मजल्यावर वाढलेली मुलगी. लग्नानंतर पहिल्यांदा इथे आली तेव्हा म्हशीशेजारी उभं राहून फोटो काढला, तोही म्हशीने मान हलवली तेव्हा हललेला. आता तिला मुलगा झाला आणि तिच्या सोसायटीत म्हणे तीन विहान आणि दोन कियान आहेत. खाली बागेत एकाला हाक मारली की तिघं धावतात. म्हणून तिला जुनं, भारदस्त, मराठी नाव हवं होतं. शोधता शोधता तिला साक्षात्कार झाला की आपलं सासर गवळ्याचं. 'आपल्या मुळाशी जोडलेलं नाव आहे, बाबा,' असं ती फोनवर म्हणाली. काका म्हणाले, "मुयाशी? मी काय मुया हाओ काय जमिनीत गाडून ठिवाले?" आणि फोन काकूंच्या हातात देऊन गोठ्यात निघून गेले.

मला सून चुकली असं वाटलं नाही आणि काकांचा रागही खोटा वाटला नाही. तेवढ्यात काकाच कुपाटीशी आले. बोलणं बंद होतं ते घरातल्यांशी; शेजारणीशी नव्हतं.

"तुमी सांगा बाई, तुमी शिकलेल्या हा. आमच्या सात पिढ्या गेल्या ढोरामागं. बापानं वाघाच्या तोंडून हेला वढला. मी पोराले या शेनातून बाहेर काहाडता काहाडता म्हतारा झालो. थो बाहेर गेला. आता त्याच्या पोट्ट्याचं नाव काय, तं गुराखी! मंग मी एवढं काऊन केलं?"

आणि मग, जरा थांबून, खरा घाव: "अन् आमी म्हशीवाले. गोपाल म्हंजे गाईवाला. नावच ठिवाचं तं म्हैसपाल ठिवा!"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले असते, पण मला मास्तरीण म्हणतात आणि मास्तरणीने अशा वेळी काहीतरी ज्ञान द्यावं अशी अपेक्षा असते. (हे 'मास्तरीण' माझ्या स्वतःच्या नोकरीवरून आहे बरं का. नवरा बँकेत होता. नाहीतर आपल्याकडे बाईला नवऱ्याच्या धंद्याचं नाव फुकटात मिळतं. पाटलीणबाई, डॉक्टरीणबाई, फौजदारीणबाई. आमच्या पलीकडच्या वहिनींनी आयुष्यात कधी तिकीट फाडलेलं नाही, तरी अख्खा चिखलदरा त्यांना कंडक्टरच्या वहिनी म्हणतो.)

तर मी ज्ञान दिलं. म्हटलं, काका, 'गो' म्हणजे नुसती गाय नाही. पृथ्वीलाही गो म्हणतात. गोपाल म्हणजे पृथ्वीचं पालन करणारा, म्हणजे राजा. बंगालमधलं पाल घराणं 8व्या शतकात ज्याने उभं केलं, त्या राजाचं नाव गोपालच होतं. लोकांनी निवडून त्याला गादीवर बसवला असं त्याच्या मुलाच्या ताम्रपटात लिहिलंय.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई," ते म्हणाले, "त्या राजाले कोनी पहाटी चार वाजता उठवून म्हटलं का, का दूध दे?"

या प्रश्नावर माझ्याकडे ताम्रपट नव्हता.

काकू एव्हाना चुलीशी परत गेल्या होत्या, कारण खवा कोणासाठी थांबत नाही. ज्यांनी तो होताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी कढईत दूध खदखदत असतं आणि बाई हातात सराटा घेऊन एकसारखी तळ खरवडत बसते. हात थांबला की तळाला लागलं, आणि लागलं की परतवाड्याचा हलवाई वासावरूनच भाव पाडतो. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर खवा. आधी फेस, मग साय, मग पिवळसर रबडी. त्यानंतर एक क्षण येतो की दुधाची खदखद बंद होऊन कढईत फटफट असा जाड आवाज सुरू होतो. त्या आवाजाला काकू मान वर न करता कढई उतरवतात. सराटा फिरवताना त्यांचं तोंड मात्र मोकळं असतं, आणि आमच्या आळीचा सगळा इतिहास त्या तोंडातून गेलेला आहे.

"तुमी त्यायले पांडवाचं सांगा ना," काकू तिथून ओरडल्या. "इथलंच हाय नं थे."

खरंच, ते मला आधी सुचायला हवं होतं. आमच्या गावाचं नावच मुळी लोक कीचकदऱ्यावरून सांगतात. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकला आणि भीमकुंडात हात धुतले. मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण वैराट, ते विराट राजाचं. राजस्थानवाले विराटनगर आपल्याकडे आहे म्हणतात आणि पंडितही त्यांच्याच बाजूचे. पण भीमकुंड त्यांना उचलून नेता येत नाही. ते असो. मुद्दा असा की विराटाकडे पांडव वर्षभर राहिले ते नोकर म्हणून, आणि नोकर म्हणून त्यांनी नावंही बदलली. भीम आचारी झाला, बल्लव नावाने. द्रौपदी राणीची वेणीफणी करायला लागली आणि सैरंध्री झाली. ते तर सरळ कामाचंच नाव. आणि सहदेव गुरं राखायला गेला, त्याने नाव घेतलं तंतिपाल. तंति म्हणजे वासरं ओळीने बांधायचा लांब दोर.

"म्हंजे दावन," काका म्हणाले.

"दावणच. दावणीचा राखणदार."

"मंग हे खरं नाव हाय." काकांना पहिल्यांदाच काही पटलं. "गोपाल म्हनलं का बासरी दिसते. तंतिपाल म्हनलं का दोर दिसते. पांडवानं बराबर नाव धरलं. त्याले नोकरी कराची होती, देव व्हाचं नव्हतं."

त्या गोष्टीत पुढे कौरव येऊन विराटाची साठ हजार गुरं हाकून नेतात. तेव्हा रथात बसून धापा टाकत राजवाड्यावर खबर घेऊन येतो तो गवळ्यांचा मुख्य. सगळं युद्ध त्याच्या खबरीने सुरू होतं. महाभारतात घोड्यांना नावं आहेत, शंखांना नावं आहेत; या माणसाला नाही. तो नुसता गवाध्यक्ष. हे मी काकांना सांगितलं नाही. आधीच आगीत कुटार कशाला टाकायचं?

कंडक्टरच्या वहिनी आल्याच तेवढ्यात. त्यांच्या घराला आमच्या दोन्ही कुपाट्यांचा कोपरा लागतो आणि धुक्यातही त्यांना शब्द न् शब्द ऐकू जातो. माहेर त्यांचं भंडाऱ्याकडचं. आल्या आल्या त्यांनी बाजू घेतली ती काकांची.

"काका बरोबर म्हणून राहिले. धंदा आडनावात राहू द्यावा. पहिल्या नावात कायले आणायचा?"

आणि वहिनींचं म्हणणं तसं आपल्या मुलखाच्या रिवाजाला धरूनच होतं. कुळकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, जोशी, गुरव, लोहार, सुतार, सोनार, गवळी. आपण धंदा मागे ठेवला आणि पुढे राम, विठ्ठल, गणपत असं देवाचं नाव लावलं. संतांचंही तसंच. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. त्यांनी देवापुढे उभं राहतानाही धंदा सोडला नाही, पण लोकांनी पोरांची नावं ठेवली ती नरहरी आणि सावता. बारशाला कोणी 'कुंभार' नाव कुजबुजलेलं मी तरी ऐकलं नाही. आडनावात धंदा असला की त्याबरोबर पायरी येते; समोरच्याने आडनाव विचारलं की तो खुर्ची देणार की ओसरी, हे ठरवत असतो.

याला अपवाद एकच, तो हा गोपाल. आणि त्याच्या मागचा गोविंद, गोपीनाथ वगैरे गोतावळा. बाकी कुठल्याही कामाला जे जमलं नाही ते गुरं राखण्याला जमलं, कारण देव स्वतः ते काम करून गेला. कृष्णाने मडकं घडवलं असतं तर आज घरोघर कुंभार नावाची पोरं असती, याबद्दल मला शंका नाही. त्याने गाई वळल्या, शिदोऱ्या एकत्र करून खाल्ल्या, आणि त्याचा अजून काला होतो. सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाशिवाय होत नाही. पंढरपूरची आषाढी वारीसुद्धा पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाल्याशिवाय परतत नाही. ज्वारीच्या लाह्या, दही, लोणच्याचा खार, भिजवलेली डाळ. कोणाच्या शिदोरीतलं काय ते त्या काल्यात ओळखू येत नाही. नावाचंही तेच झालं. गोपाळ म्हटल्यावर ब्राह्मण, कुणबी, तेली, महार, काही कळत नाही.

"बायेरच्या देशात कसं अस्ते?" वहिनींनी विचारलं. त्यांचा भाचा अमेरिकेत आहे आणि ही गोष्ट त्या कुठूनही बोलण्यात आणू शकतात. मी म्हटलं, तिकडे उलटी गंमत आहे. तिकडे आडनावं उठून पुढे येऊन बसली. मेसन म्हणजे गवंडी, टायलर म्हणजे कौलं चढवणारा, कूपर म्हणजे पिंपं बांधणारा. आणि ही आता बड्या घरच्या पोरांची पहिली नावं. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! भाच्याच्या शेजारचा मेसन, तो गवंडी का? त्याले तर खिळा ठोकता येत नाही म्हणते."

जॉर्ज हे नाव तर ग्रीकांपासून शेतकऱ्याचं. जमिनीत राबणारा तो जॉर्ज. आता गंमत पाहा. हा आपल्या दारातला गाविलगड गवळ्यांच्या नावाचा. मूळची गढी गवळ्यांची, असं सगळे सांगतात. दगडी तट बहमनी अहमदशहाने 15व्या शतकात बांधला. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांच्या वेलस्लीने तो भोसल्यांकडून घेतला तेव्हा इंग्लंडच्या गादीवर होता तिसरा जॉर्ज, ज्याला शेतीच्या नादामुळे त्याचेच लोक 'शेतकरी जॉर्ज' म्हणून चिडवायचे. म्हणजे नावाने शेतकरी असलेल्या राजासाठी नावाने गवळ्याचा असलेला गड पडला, आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंनी मेले ते शिपाई. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेलं.

"आमच्याच बापजाद्याचा गड," काका म्हणाले. "अन् आता आमच्याच म्हशीले तिकडं चराले बंदी."

हे मात्र काकांचं नेहमीचं दुखणं आहे. 1974 साली मेळघाटात व्याघ्रप्रकल्प झाला, आणि तेव्हापासून कुठे चारायचं, कुठे नाही, याची रेघ दरवर्षी थोडी थोडी अलीकडे येते असं त्यांचं म्हणणं. वाघाने म्हैस मारली तर भरपाई मिळते, पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत म्हैस उरत नाही. मी दोन्ही बाजू ऐकून आहे. वाघ राहावा असंही वाटतं आणि काकांच्या म्हशी उपाशी राहू नयेत असंही. शेजारधर्म म्हणून या विषयावर मी हुंकाराच्या पुढे जात नाही.

गड गवळ्यांचे, हे काही फक्त इथलंच नाही. मेळघाट ओलांडून पलीकडे उतरलं की बऱ्हाणपूरजवळचा असीरगड. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिलंय की तो आसा अहीर नावाच्या गुरांच्या धन्याचा. हजारोंनी गुरं बाळगून होता. फारूकी सुलतानाने आमच्या बायका गडावर सुरक्षित ठेवा म्हणून डोल्या पाठवल्या, आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. ग्वाल्हेरच्या किल्ल्याचंही जुन्या लेखांत नाव गोपगिरी. जिथे उंच जागा, पाणी आणि गवत, तिथे आधी गुरं पोचली. राजे मागाहून आले आणि त्यांनी तट बांधले. नाव मात्र पुसायला विसरले.

काकूंनी पहिली कढई उतरवली होती. खव्याचा गरम गोळा पळसाच्या पानावर ठेवून त्यांनी कुपाटीवरून आमच्या हातावर चिमूट चिमूट ठेवलं. वाद कितीही रंगला तरी ही चिमूट चुकत नाही.

"बरं, मोठे मोठे गोपाल कोन कोन झाले थे सांगा," काकू म्हणाल्या. त्यांना नातवाचं नाव आवडलं होतं, हे एव्हाना मला कळलं होतं. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून त्या मला पुढे करत होत्या.

तर मोठे गोपाल. गोपाळ गणेश आगरकर, जन्म टेंभूचा, पण मॅट्रिक झाले ते आपल्या अकोल्यातून, 1875 साली. गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, ते न्यायाधीश. त्यांचा जन्म 1823 चा, आणि त्याच साली इंग्रजांच्या एका कॅप्टनने चिखलदरा 'शोधला'. (इथे गवळी आणि कोरकू आधीपासून राहत होतेच, पण ते राहत होते, शोधत नव्हते.) गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, ज्यांनी 1888 साली अस्पृश्यतेविरुद्ध 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. आणि अगदी घाटाखालचे, परतवाड्यात 8 जुलै 1916 ला जन्मलेले गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा. आयुष्यभर गडकिल्ले हिंडले तो माणूस गाविलगडाच्या पायथ्याशी जन्मला होता.

काकांनी बोटं मोडत मोजलं. "दोन मास्तर, एक जज, एक हवालदार, एक लेखक. यातल्या कोनी ढोरं वळली?"

"कोणीच नाही."

"पाहा!"

"अवो, पन बाबानं वळली नं," काकू म्हणाल्या, आणि हात जोडले.

वऱ्हाडात नुसतं बाबा म्हटलं की गाडगेबाबाच. 23 फेब्रुवारी 1876 ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्मले. नाव डेबूजी. वडील लवकर गेले, आई त्यांना घेऊन दापुरीला माहेरी आली, आणि मामाकडे डेबूने खरोखर गुरं राखली. हातात काठी, पायात चिखल. पुढे घर सोडलं, गावोगाव आधी झाडू मारायचा आणि मग कीर्तन करायचं. त्या कीर्तनात हजारो माणसं टाळ्या वाजवत जे धृपद घोळवायची ते गोपाळाच्याच नावाचं. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढीच्या पुलावर गाडीतच प्राण गेला.

म्हणजे ज्यांचं नाव गोपाळ त्यांनी गुरं वळली नाहीत, आणि ज्याने वळली तो डेबूजी. जगाने त्याला नाव दिलं तेही हातातल्या फुटक्या गाडग्यावरून. काका यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या आजोबांनी बाबांचं कीर्तन ऐकलंय आणि कीर्तनाआधी बाबांनी त्यांच्या हातात झाडू दिला होता, ही गोष्ट घरात देवघरातल्या तसबिरीइतकी जपलेली आहे.

बुधाभाऊ तेवढ्यात म्हशी घेऊन आला. तो कोरकू, काकांच्या म्हशी रानात नेतो. बुधवारी जन्मला म्हणून बुधा. त्याच्या नावाचा वाद त्याच्या बारशाला मिनिटभरही झाला नसेल. काकूंनी त्याला विचारलं, नातवाचं नाव गोपाल ठेवावं का? तो म्हणाला, "ठेवा ना. पन ढोरकी तर मीच राहीन." आणि म्हशी मोजत गोठ्याकडे गेला.

हे ऐकून मला हसू आलं आणि मग नाही आलं. कारण काम तेच, शब्द मात्र किती पायऱ्यांचे. देवळात गोपाळ. गावात गायकी. जरा चिडून बोललं की ढोरकी. आणि सरकारी कागदावर आणखी वेगळंच. कंडक्टरच्या वहिनींनी हे बोलून दाखवलं. त्यांच्या माहेरच्या गावी गोवारी लोक पुष्कळ. पिढ्यान् पिढ्या गावाची गुरं आखरावर गोळा करायची, रानात न्यायची, संध्याकाळी दारोदार परत पोचवायची. दिवाळीत पाडव्याला गायगोधन, ढाली नाचवत, बासरी वाजवत, तो त्यांचाच मान. वर्षातून एक दिवस त्यांच्याशिवाय गावाचं पान हलत नाही. हे लोक आदिवासी म्हणून सवलती मागत होते, आणि यादीत लिहिलं होतं 'गोंड गोवारी'. तो एक शब्द दोन जमातींचा की एकीचा, यावर सगळं अडलेलं. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर त्यांचा मोर्चा गेला. तिथे चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली, बहुतेक बाया आणि लेकरं. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. पुढे 2018 साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला.

"आमच्या गावच्या दोघीजणी गेल्त्या त्या मोर्चाले," वहिनी म्हणाल्या. "एक आली." मग त्यांनी हातावरची खव्याची चिमूट तोंडात टाकली आणि थोडा वेळ कोणी बोललं नाही. काकूंचा सराटा तेवढा चालू होता.

काकाच बोलले शेवटी. "म्हनूनच म्हन्तो ना मी. नाव गोड हाय. ज्याले काम कराचं नाही त्याले गोड हाय."

मला वाटतं काकांचं हे बरोबर आहे, आणि तरीही नाव ठेवू नये असं मात्र त्यातून निघत नाही. मी त्यांना म्हटलं, काका, सून गुराख्याचं नाव लपवायला नाही, लावायला निघाली आहे. तुमच्या पिढीने ते आडनावात दाबून धरलं. ही पोर ते बारशाच्या पत्रिकेवर पहिलं छापतेय. तिला शेण माहीत नाही, हे खरं. ते शिकवता येतं.

ही शेवटची ओळ मी जरा ठसक्यात म्हटली आणि तीच माझ्या अंगलट येणार होती, हे मला ठाऊक नव्हतं. काकांचे डोळे लकाकले. ते घरात गेले, मोबाइल घेऊन आले आणि आमच्या सगळ्यांसमोर, स्पीकर लावून, पुण्याला फोन केला.

"हां सूनबाई. नाव ठेव. गोपालच ठेव. पन एक अट हाय. पोट्टा चालाले लागला का दर उन्हाळ्याच्या सुट्टीत इथं पाठवाचा. सकायी चारले उठन, शेन काहाडन, धार काहाडाले शिकन. नाईतर नाव वापस."

आम्ही श्वास रोखून उभ्या. पलीकडून सून इतकी खूश झाली की बोलता येईना. म्हणाली, बाबा, नक्की! मीही येईन! मला पण शिकवा! काकांना हे अपेक्षित नव्हतं. ते फोनकडे बघतच राहिले. आणि मग फोनमधून आला तो त्यांच्या स्वतःच्या मुलाचा आवाज.

"बाबा, काही काय बोलता? सुट्टीत त्याला क्लास असतील. मी नाही पाठवणार. आणि चार वाजता लहान मुलाला कोणी उठवतं का? मला उठवत होतात तेवढं पुरे नाही झालं?"

काकू तोंड दाबून इतक्या हसल्या की दुसऱ्या कढईचा तळ लागला. आता भांडण बाप-लेकात गेलं आहे आणि सून सासऱ्याच्या बाजूला आहे, जे या आळीत पूर्वी कधी घडलेलं नाही. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा रिकामी ठेवली आहे. ती वर्षभरात फुकट भरून मिळते, नंतर उशिराचं शुल्क पडतं, हे मी सांगितलं. त्यावर काका म्हणाले, वर्ष पुष्कळ झालं. इकडे मात्र काकूंनी फोटो बघून त्याला गोपाय म्हणायला सुरुवातही केली आहे. वऱ्हाडात ळ जिभेवर टिकत नाही. शाळेची शाया होते, केळ्याचं केयं होतं, तर गोपाळाचा गोपाय व्हायचाच. सुनेने पत्रिकेवर ल छापावा की ळ, याचा वाद ती सांगलीकडच्यांशी घालत बसू दे.

"बरं ते जाऊ द्या," वहिनी आवाज उतरवून म्हणाल्या आणि पावलभर कुपाटीच्या जवळ आल्या. "त्या टेकडीवरल्या हॉटेलवाल्याच्या पोरीचं आयकलं का?"

काकूंनी जळका खवा बाजूला काढला, पदराला हात पुसले आणि चूल तशीच सोडून आमच्याकडे आल्या.